हातचा एक

टायवी नदीकाठी, आमच्या बोटघराच्या दारामागे
फळीवर बावीस खिळे आहेत.
प्रत्येक खिळ्याला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर आकडा.
पाण्यात उतरताना बिल्ला काढून जॅकेटच्या खिशात,
परत आलं की खिळ्यावर.
एकतीस वर्षं पोस्टात पत्रं लावली मी,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं असावं.

पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी आहे:
हिरवी, पिवळी, लाल.
पाणी पिवळ्याला टेकलं की लहान मुलं काठावर,
लालला टेकलं की बोटी मांडणीवरच.
मी एकेकाचं जॅकेट खांद्याला धरून वर ओढते,
हनुवटीपर्यंत सरकलं तर पट्टा पुन्हा आवळायचा.
मॅक्सेन म्हणतो, एलिनेद, तू मला पोत्यासारखं उचलतेस.
पोतं बुडतं, मी म्हणते. तू बुडायचा नाहीस.

माणसांची पातळी मोजायला असा खांब नाही.
त्यासाठी आम्ही एक कागद केला होता:
कपडे बदलायच्या खोलीत फोन नाही,
कुणाच्या गाडीत एकटं मूल नाही,
प्रत्येक फेरीला दोन मोठी माणसं.
कागद किटलीमागे डकवलेला,
वाफेने त्याचे कोपरे मुडपलेले.
ब्लेदिनला तो दाखवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही.
या घराचं छप्पर त्यानेच घातलं होतं,
उलटलेली बोट सुलटी करायला
माझ्या मुलाला त्यानेच शिकवलं होतं.

सप्टेंबरातला गुरुवार. पाणी हिरव्याच्याही खाली.
साडेसहाला मोजलं: बोटी बारा गेल्या, बारा आल्या.
वल्ही बारा. हेल्मेटं बारा.
बिल्ले अकरा.
चौदाचा खिळा रिकामा.
हेलेथ.

दोराची पिशवी घेऊन मी काठाने धावले,
नदीच्या नावाने ओरडले, मग मुलीच्या.
नदी आपली वाहत होती,
तिने काहीच घेतलं नव्हतं.

ट्रेलरमागे सापडली, टायरला टेकून,
अंगावर ओला सूट तसाच, ओठ निळे.
माझा जीव भांड्यात पडला
आणि तोंडात रागाचे शब्द आले,
तेवढ्यात तिची मूठ दिसली. मुठीत बिल्ला.
"मुद्दाम लावला नाही," ती म्हणाली,
"म्हणजे तू शोधायला येशील."

मग बराच वेळ काही नाही.
मग: "मला त्याच्या व्हॅनमधून घरी जायचं नाहीये."

का, ते मी विचारलं नाही. कोट दिला.
कुणाला सांगू नकोस, ती म्हणाली.
तसं वचन मला देता येत नाही, मी म्हणाले,
पण कुणाला सांगणार ते आधी तुला सांगेन.
अकरा वर्षांची ती. नीट विचार केला तिने,
मग मान हलवली.
पार्सलच्या पावतीमागे मी तिचे शब्द लिहिले,
माझा एकही न घालता. वेळ सहा बावन्न.
तिची आई गोठ्यातलं काम टाकून येईस्तोवर
आम्ही दोघी किटलीजवळ बसलो, दार सताड उघडं.
बाहेर ब्लेदिनने दोनदा हॉर्न वाजवला.
मग आणखी एकदा.

पुढचं चौकशीवाल्यांचं, ते मी सांगायचं नाही.
गावाने मला पाण्यात पाहिलं, एवढं सांगते.
कैनवेनने दुकानात सुटे पैसे काउंटरवर ठेवले,
हातात दिले नाहीत.
रात्री मी जुने गुरुवार उलगडत बसले:
सगळ्यांत शेवटी तोच निघायचा. किल्ली त्याच्याकडे.
इतकं पाणी मुरत होतं इथे,
आणि मी पट्टे ओढून बघत होते.

आता कुलपं दोन, किल्ल्या दोघांकडे.
कागद फळीशेजारी, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला.
खाली मॅक्सेनने पेन्सिलने एक ओळ वाढवली:
"काही झालं तर बिल्ला लावू नका."
मी ती खोडली नाही.

हेलेथ परत आली नाही.
बिल्ला तिच्याकडेच आहे, कुणी मागितला नाही.
आज तेरा गेले पाण्यावर, तेरा आले.
फळीवरचे एकवीस मोजून झाले
की मी एक हातचा धरते,
आणि कुलूप घालण्याआधी
ट्रेलरमागे जाऊन बघून येते.